एका लायनीवर दोन मास्टर चालत नाहीत

प्रश्न बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स इनचार्जचा आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे जुनी आरएस-४८५ लाइन आहे, सगळी उपकरणं जोडणारी दोन तारांची. तिच्यावर २२ एनर्जी मीटर आणि मोटरचा स्पीड सांभाळणारे ४ ड्राइव्ह, सगळे मॉडबस आरटीयू या भाषेत बोलणारे. बाजूला एक जुना पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलरही आहे. आजवर कंट्रोल रूममधला विंडोज एक्सपीचा पीसी हे सगळं वाचत होता. आता मालकांना ऑफिसात आणि रामदासपेठेतल्या घरीही डॅशबोर्ड हवाय. एका व्हेंडरने गेटवे राउटर दिला, म्हणाला लावा आणि मोकळे व्हा. जुना पीसी चालू ठेवूनच तो त्याच लायनीला जोडला. कधी रीडिंग येतं, कधी टाइमआउट. एकदा तर एका मीटरचा आकडा दुसऱ्याच्या नावावर दिसला. दुसरा व्हेंडर म्हणतो, सगळे मीटर बदलून इथरनेटचे घ्या. बरोबर कोण?"

मीटर बदलायची गरज नाही, गेटवे, म्हणजे जुनी तार नेटवर्कला जोडणारा डबा, हाच रस्ता आहे. पण "लावा आणि मोकळे व्हा" हेही खरं नाही. गेटवे आला म्हणून जुनी लाइन वेगवान होत नाही आणि तिच्यावर एका वेळी एकच बोलू शकतो हा नियमही बदलत नाही. आयपीच्या, म्हणजे नेटवर्कच्या बाजूला दहा जण एकाच वेळी प्रश्न विचारू शकतात, तारेच्या बाजूला त्यांची एकच रांग लागते. ती रांग नीट लावणं एवढंच गेटवेचं काम, आणि तुमच्या तक्रारीतल्या सगळ्या गोष्टी ती रांग मोडल्यामुळे होतात.

आधी सगळ्यात उघड कारण. जुना पीसी चालू ठेवून तुम्ही गेटवे त्याच दोन तारांवर जोडलात. मॉडबस आरटीयूमध्ये मास्टर एकच असतो. वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षकासारखा तो एकेकाचा नंबर पुकारतो आणि ज्याचा नंबर त्यानेच "हजर" म्हणायचं. तुमच्या वर्गात दोन शिक्षक एकाच वेळी हजेरी घेत होते. दोघांचे प्रश्न तारेवर आदळले की सीआरसी, म्हणजे संदेशाच्या शेवटी असलेला चूक पकडणारा आकडा, चुकतो आणि मीटर गप्प बसतो, म्हणून टाइमआउट. आणि नशीब वाईट असेल तर पीसीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गेटवेही ऐकतो. मीटर नंबर तोच आणि उत्तराची लांबीही तीच असेल, तर तो ते आपलंच समजून पुढे पाठवतो. आरटीयूच्या उत्तरात कोणता रजिस्टर, म्हणजे मीटरमधला आकड्याचा कोणता कप्पा, वाचला हे लिहिलेलं नसतं, फक्त मीटरचा नंबर, फंक्शन, बाइट किती आणि मजकूर. त्यामुळे मागितला व्होल्टेज आणि मिळाला करंट, असं बिनबोभाट होऊ शकतं.

तेव्हा आज पहिलं काम: पीसी लायनीवरून काढा, फक्त गेटवे ठेवा, आणि तासभर बघा. निम्मा त्रास तिथेच जाईल. पीसीवरची स्काडा, म्हणजे देखरेखीची स्क्रीन, तोवर बंद ठेवायला प्रॉडक्शनवाले तयार होणार नाहीत, तर रविवारी करा. पीसी कायमचा काढायचा नसेल तरी सोय आहे, ती पुढे सांगतो.

आता तुमच्या हातात आलेला डबा नक्की कोणत्या जातीचा आहे ते पाहू, कारण बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिला फक्त बाइट वाहून नेतो. सिरियलवर, म्हणजे जुन्या तारेवर, जे आलं ते जसंच्या तसं टीसीपीत, म्हणजे नेटवर्कच्या पाकिटात, घालायचं, पलीकडे काढायचं. पीसीवर त्याचा एक आभासी कॉम पोर्ट दिसतो. दुसरा खरोखर भाषांतर करतो. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने काढला तेव्हा सिरियल तारच डोळ्यांसमोर होती, टीसीपीचं रूप नंतर आलं. सिरियल आणि टीसीपी या दोन रूपांतला फरक एका फ्रेममध्ये, म्हणजे एका पूर्ण संदेशात, दिसतो. १ नंबरच्या मीटरकडून पहिले दहा रजिस्टर मागायचे तर तारेवर हे आठ बाइट (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेले) जातात:

०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५ सीडी

शेवटचे दोन सीआरसीचे. हाच प्रश्न मॉडबस टीसीपीत असा होतो:

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०३ ०० ०० ०० ०ए

सीआरसी गेला, कारण खाली इथरनेट आणि टीसीपी आपापली तपासणी करतातच. पुढे सात बाइटचं शीर्ष आलं. पहिले दोन बाइट व्यवहार क्रमांक, पुढचे दोन शून्य, मग लांबी, मग युनिट आयडी. हा युनिट आयडी म्हणजे मीटरचा जुनाच नंबर. म्हणून एका आयपी पत्त्यामागे, ५०२ पोर्टवर, तुमची सव्वीसच्या सव्वीस उपकरणं बसतात. डॅशबोर्डवाला "प्रत्येक मीटरचा आयपी द्या" म्हणत असेल, तर त्याला ही ओळ दाखवा.

तुमच्या डब्याच्या वेब पेजवर ऑपरेशन मोड बघा. "टीसीपी सर्व्हर", "रिअल कॉम", "ट्रान्सपरंट" असं काही लिहिलं असेल तर तो बाइट वाहणारा मोड. "मॉडबस गेटवे" असेल तर भाषांतराचा. कारखान्याच्या आतल्या लॅनवर पहिला मोडही बरा चालतो. मोबाइल सिमवरून मात्र तो दगा देतो. आरटीयूत फ्रेम संपली हे कळतं ते शांततेवरून: साडेतीन अक्षरांएवढा वेळ तार गप्प राहिली की फ्रेम संपली. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला, ही शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची. टीसीपी बाइटांचा क्रम सांभाळतो, त्यांच्यातलं अंतर नाही. मध्ये फोर-जीचा हेलकावा आला की एक फ्रेम दोन तुकड्यांत पोचते, आणि पलीकडचं सॉफ्टवेअर पहिल्याच तुकड्याला पूर्ण उत्तर समजून फेकून देतं. मालकांच्या घरी डॅशबोर्ड हवा असेल तर भाषांतराचाच मोड घ्या. तो नसेल तर डबा परत करा.

आता वेळेचा हिशोब. तो कोणी करत नाही, आणि खरी गोम त्यातच आहे.

९६०० बॉड, एका अक्षराला दहा बिट, म्हणजे अक्षरामागे साधारण १.०४ मिलिसेकंद. प्रश्न ८ बाइटांचा. वीस रजिस्टर मागितले तर उत्तर ४५ बाइटांचं. मिळून ५३ बाइट, म्हणजे ५५ मिलिसेकंद नुसते तारेवर. त्यात मीटरला उत्तर जुळवायला ५० मिलिसेकंद धरा, आणि मधल्या शांतता. एका प्रश्नाला १२० मिलिसेकंद हा जुन्या मीटरसाठी रास्त अंदाज. डॅशबोर्डवाल्याने व्होल्टेज, करंट, पॉवर, युनिट असे चार वेगळे प्रश्न ठेवले असतील, तर २६ उपकरणांचे १०४ प्रश्न, आणि पूर्ण फेरीला साडेबारा सेकंद. आणि स्क्रीनवर रिफ्रेश ठेवलाय एका सेकंदाचा! गेटवेच्या दारात रांग वाढतच जाणार.

यात एक मीटर मेलेला असला की बघा काय होतं. सिरियल टाइमआउट १ सेकंद, रिट्राय ३, ही सेटिंग पुष्कळ ठिकाणी दिसते. म्हणजे मेलेल्या मीटरच्या एका प्रश्नावर ४ सेकंद, चार प्रश्नांवर १६. फेरी साडेबारावरून २८ सेकंदांवर. ऑपरेटर सांगतो, "मीटर चालू आहे न भाऊ, पण बोलूनच नाही राहिला," आणि ज्या मीटरकडे तो बोट दाखवतो तो चांगलाच असतो. दोष तिसऱ्याच कोपऱ्यातल्या, महिनोन्महिने बंद असलेल्या मीटरचा, ज्याचं नाव यादीतून कोणी काढलं नाही.

रांगेचा दुसरा परिणाम जास्त वाईट. डॅशबोर्डचा टाइमआउट १ सेकंद आणि गेटवेतली रांग ३ सेकंदांची असेल, तर डॅशबोर्ड कंटाळून तोच प्रश्न पुन्हा टाकतो. गेटवेला ते कळत नाही. तो जुनाही विचारतो, नवाही विचारतो, म्हणजे रांगेत अर्धे प्रश्न अशांचे की ज्यांचं उत्तर आता कोणालाच नको. उशिरा आलेल्या उत्तरावर जुना व्यवहार क्रमांक असतो. चांगलं सॉफ्टवेअर तो तपासून टाकून देतं, गावठी सॉफ्टवेअर तपासत नाही. तुमच्या "एका मीटरचा आकडा दुसऱ्याच्या नावावर" या प्रकाराचा दुसरा संशयित हाच. पीसी काढूनही तो दिसला तर डॅशबोर्डवाल्याला युनिट आयडी आणि व्यवहार क्रमांक दोन्ही तपासायला सांगा. तो "हे काय असतं" म्हणाला तर डॅशबोर्डवाला बदला.

उपाय, ज्या क्रमाने मी करीन त्या क्रमाने. मेलेली उपकरणं यादीतून काढा. मग चार प्रश्नांचा एक करा. मॉडबसमध्ये एका वेळी १२५ रजिस्टरपर्यंत मागता येतात. मीटरच्या रजिस्टर मॅपमध्ये हवे ते आकडे सलग साठ रजिस्टरांत बसत असतील, तर तारेवर १३३ बाइट, मीटरचा वेळ धरून २०० मिलिसेकंद, आणि सव्वीस जणांची फेरी सव्वापाच सेकंदांत. काही जुने मीटर मधल्या रिकाम्या रजिस्टरवर अडून एरर देतात, तिथे दोन तुकडे करा. सगळी उपकरणं १९२०० घेत असतील तर तेही करा, फेरी साडेतीन सेकंदांच्या आत येईल. दोन सिरियल पोर्टचा गेटवे असेल तर लाइन मधून तोडून १३-१३ करा, पुन्हा निम्मी. सिरियल टाइमआउट ३०० मिलिसेकंद आणि रिट्राय १ पुरतो. डॅशबोर्डचा टाइमआउट मात्र नेहमी गेटवेच्या सगळ्या रिट्रायच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. आणि युनिटचा आकडा सेकंदाला वाचून काय करणार? तो मिनिटाला एकदा पुरे.

वाचणारे दोन-तीन असतील तर प्रत्येकाला गेटवेवर सोडूच नका. एकच कलेक्टर लायनीला प्रश्न विचारेल, बाकीचे कलेक्टरला विचारतील. पुष्कळ नवे गेटवे हे स्वतःच करतात: फेरी स्वतः मारतात, आकडे स्मृतीत ठेवतात आणि मागेल त्याला तिथून देतात, किंवा एमक्यूटीटी या हलक्या निरोप्या प्रोटोकॉलने पुढे ढकलतात. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींचे आकडे उपग्रहाच्या महागड्या, तुटपुंज्या लिंकवरून आणायला बनवला होता. आपल्या फोर-जीवर तो आरामात चालतो.

जुन्या पीसीची सोय इथेच बसते. त्याला गेटवेच्या दुसऱ्या सिरियल पोर्टवर द्या आणि तो पोर्ट "मास्टर या बाजूला आहे" असा लावा. पीसीला वाटतं आपण थेट लायनीशी बोलतोय, प्रत्यक्षात त्याचाही प्रश्न गेटवेच्या रांगेतून जातो. सगळे दोन पोर्टचे गेटवे हे करत नाहीत, विकत घेताना विचारा. त्या पीसीला नेटवर्क केबल मात्र लावू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला.

तारेकडे वळतो, कारण गेटवेच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष दोन तारांत असतो. एक मल्टिमीटर पुरतो. सगळी उपकरणं बंद करा आणि ए व बी या लायनीच्या दोन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे सिग्नलचा प्रतिध्वनी रोखणारे रेझिस्टर, आहेत, उत्तम. १२० आला तर एकच आहे. ४० आला तर कोणीतरी मध्येच तिसरा लावलाय, बहुधा एखाद्या ड्राइव्हचा डिप स्विच चालू राहिलाय. काहीशे किंवा हजारांत आला तर टर्मिनेटर नाहीच. रेझिस्टर सीताबर्डीत चिल्लर पैशांत मिळतो, तेवढ्यासाठी कोणाची व्हिजिट बोलावू नका. मग सप्लाय चालू करून, कोणी बोलत नसताना, ए-बी मधला व्होल्टेज बघा. तो २०० मिलिव्होल्टच्या वर स्थिर हवा. शून्याजवळ घुटमळत असेल तर निवांत लाइन एका बाजूला धरून ठेवणारा बायस रेझिस्टर नाही, आणि प्रत्येक शांततेत रिसीव्हर कचरा अक्षरं वाचतोय. गेटवेत बायस चालू करायची सोय बहुधा असते.

लाइन एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे अशी माळेत जायला हवी. पॅनलमधून फुटलेल्या फांद्या नकोत. जुन्या ट्रान्सीव्हरच्या हिशोबाने एका लायनीवर ३२ आणि लांबी १२०० मीटर ही मर्यादा. तुम्ही २६ आणि गेटवे, म्हणजे आत आहात, पण वाढवायला जागा फारशी नाही. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. नवा डबा अजिबातच बोलत नसेल तर तारा उलटून बघा, काही जळत नाही. ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून ही जोडी नेली असेल तर ती वेगळी करा, यावर वाद नको.

आपल्याकडची दोन संकटं कॅटलॉगमध्ये नसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलच्या आत त्याहून कितीतरी जास्त. घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. दुपारी दोन ते पाच हँग होणारा आणि रात्री आपोआप बरा होणारा राउटर बघितला की मी सॉफ्टवेअर उघडतच नाही. इंडस्ट्रियल रेटिंगचा, ७० अंश सोसणारा, डिन रेलवर बसणारा घ्या. दुसरं, पावसाच्या तोंडावरच्या विजा. शेड आणि ऑफिस या दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. वीज जवळ पडली की दोन्हींच्या जमिनीत फरक पडतो आणि तो तुमच्या केबलमधून वाट काढतो. सिरियल पोर्ट आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने बाकी डब्यापासून तोडलेला, असलेलाच गेटवे घ्या आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल न टाकता फायबर टाका. मीडिया कन्व्हर्टरची जोडी एका जळालेल्या पीएलसी कार्डापुढे काहीच नाही.

पीएलसीबद्दल: तो आरएस-४८५ वर आहे म्हणून मॉडबस बोलतोच असं नाही. ४८५ ही तार आणि तिच्यावरचे विजेचे नियम. सीमेन्सच्या पीएलसींचा एमपीआय प्रोटोकॉलही त्याच प्रकारच्या तारेवर चालतो, पण १८७.५ किलोबिटने आणि संपूर्ण वेगळ्या भाषेत. तो मॉडबसच्या लायनीला जोडायचाच नाही. मॉडेल नंबर बघून मॅन्युअल काढा. मॉडबस स्लेव्ह, म्हणजे मीटरसारखा विचारल्यावर उत्तर देणारा, होता येत असेल तर वेगळ्या पोर्टवर घ्या, नाहीतर त्या भाषेचा खास गेटवे लागेल.

आकडे येऊ लागले पण वेडेवाकडे दिसले तर गेटवेला दोष देऊ नका. मॅन्युअलमधला ४०००१ हा तारेवर पत्ता ० असतो, त्यामुळे सगळं एका घराने सरकलेलं दिसू शकतं. आणि दशांशाचे आकडे दोन रजिस्टरांत मिळून येतात. २३० व्होल्ट म्हणजे हेक्समध्ये ४३६६ आणि ००००. सॉफ्टवेअरने हे दोन शब्द उलट क्रमाने जोडले तर इतका सूक्ष्म आकडा तयार होतो की स्क्रीनवर ०.०० दिसतं, आणि लोक फेज गेला म्हणून टेस्टर घेऊन धावतात. वर्ड स्वॅपची टिकमार्क बदलली की झालं. एरर कोडही वाचायला शिका. गेटवेकडून हेक्स ०बी आला तर मीटरने उत्तर दिलं नाही, म्हणजे तारेच्या बाजूला जा. काहीच न येता नुसता टीसीपी टाइमआउट आला तर आधी आयपीच्या बाजूला बघा.

आता रामदासपेठेतलं घर. व्हेंडरने "राउटरवर ५०२ पोर्ट फॉरवर्ड करून देतो" म्हटलं असेल तर तिथेच थांबवा. मॉडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. ज्याला पोर्ट सापडला तो फंक्शन ०६ ने तुमच्या ड्राइव्हचा स्पीड बदलू शकतो, आणि असे उघडे पोर्ट शोधून त्यांची यादी करणारी शोधयंत्रं इंटरनेटवर उघड चालतात. तसंही मोबाइल सिमवर बहुधा खरा पब्लिक आयपी मिळतच नाही, म्हणून कनेक्शन आतून बाहेर जाऊ द्या: गेटवे राउटरमधूनच व्हीपीएन (कुलूपबंद खासगी बोगदा), किंवा टीएलएसवर, म्हणजे सांकेतिक करून पाठवलेला एमक्यूटीटी. गेटवेत फक्त फंक्शन ०३ आणि ०४ ला परवानगी ठेवा, म्हणजे बाहेरून वाचता येईल, लिहिता येणार नाही. प्लँटचं नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच केबलिंगवरच्या वेगळ्या कप्प्यात, हवं. डब्याचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

सगळे मीटर बदला म्हणणाऱ्याचं एक म्हणणं रास्त आहे: इथरनेट मीटरला ही रांग लागत नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ ला जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी घेतला, तेव्हा सगळ्यांसाठी एकच तारीख ठरवता आली. कारखान्यात अशी तारीख कोणी देत नाही, लाइन चालू असतानाच एकेक वस्तू बदलते. तेव्हा जो मीटर मरेल त्याच्या जागी इथरनेटचा घ्या. तो त्याच कलेक्टरला जोडला जाईल आणि ४८५ वरची गर्दी एकाने कमी होईल.

व्हेंडरच्या पर्चेस ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: मॉडबस आरटीयू ते टीसीपी भाषांतर, आयसोलेटेड सिरियल पोर्ट, ७० अंश तापमान, आणि कमिशनिंगनंतर कॉन्फिगरेशनची फाइल तुमच्या ताब्यात. पैसे, सगळी उपकरणं चोवीस तास एकही टाइमआउट न देता वाचली गेल्यावरच. रविवारी पीसी काढून बघाल तेव्हा ए-बी मधला रेझिस्टन्स, निवांत असतानाचा व्होल्टेज आणि गेटवेच्या सिरियल पानाचा फोटो पाठवा. ६० ओहम आणि २०० मिलिव्होल्ट दोन्ही बरोबर असूनही मीटर गळत असतील, तर लाइन कुठून कुठे गेलीय त्याचा हाताने काढलेला नकाशा लागेल.